बटाईवर दिलेली जमीन : आधी करार, मग पाणी, झाडं शेवटी

ताई, इंदूरजवळ सांवेरकडे वडिलांची बारा बिघे जमीन, भाऊ पुण्यात, तुम्ही इंदूरला, विकायची इच्छा नाही आणि ‘सगळीकडे झाडंच लावून टाकू का?’ हा तुमचा प्रश्न. मी उलटा प्रश्न विचारतो. बटाईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, ती किती वर्षांसाठी दिलीय?

आपल्याकडे बहुतेक घरांत बटाई तोंडी असते आणि एका सालाची. पुढच्या साली शेत हाती राहील की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो बांध कशाला नीट करेल, शेणखताच्या ट्रॉल्या कशाला टाकेल? सोयाबीन काढेल, गहू काढेल, नरवाईला (कापणीनंतर शेतात उरलेल्या खुंटांना) काडी लावेल आणि मोकळा होईल. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तुम्ही त्याच्या जागी असता तर तेच केलं असतंत. लेखी दिलं की जमीन गेली, ही भीती मात्र जुनी झाली. मध्य प्रदेशात भूमिस्वामी (जमीनमालक) आणि बटाईदार दोघांच्या हितरक्षणाचा 2016 चा कायदा आहे, लेखी करार त्याच्या आधाराने करा. तीन वर्षांच्या खाली उतरू नका. नरवाई जाळायची नाही, खत कुणी आणायचं, बांधावरच्या झाडांवर हक्क कुणाचा, हे त्यातच येऊ द्या. त्यासाठी वाटा थोडा सोडावा लागला तर सोडा.

मग पाणी. जुलैत दोन-चार दणदणीत पाऊस झाले की शेतावर जा (चांगले बूट घालून नको, काळी माती ते ठेवून घेते). पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं, गढूळ होऊन कुठून नाल्यात उतरतं, एवढंच बघा. सोयाबीनचा पिवळा पडलेला पट्टा तुंबण्याची जागा आपणच दाखवतो. पाणी बाहेर पडतं त्या खालच्या कोपऱ्यात तळं. शेजारच्या देवास जिल्ह्यात 2006 मध्ये कलेक्टर उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना हेच पटवलं : ट्यूबवेल खोल खोल नेण्यापेक्षा जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या. ‘रेवासागर’ म्हणतात ती हीच तळी. तुमच्या हिशोबात सव्वा बिघा जाईल. मनाला लागेल, पण गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या इथूनच निघतात. काळी माती जाड असेल तर प्लास्टिक अंथरायची गरज नाही, खाली मुरूम लागला तर पाणी टिकणार नाही, पण जमिनीत मुरून विहिरीला उपयोगी पडेल. म्हणून जेसीबी बोलावण्याआधी एक खड्डा खणून बघा.

झाडं नाल्याच्या काठाने आणि बांधावर : बाभूळ, कडुनिंब, दोन-चार देशी आंबे. मधल्या शेतात नकोत, सावलीत पीक बसतं आणि बटाईदार चिडतो. पहिली दोन वर्षं काटेरी कुंपण हवंच, नाहीतर नीलगाई शेंडे खाऊन जातात. सागवान लावलंत तर पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, नोंद करून घ्या, पुढे तोडताना परवानगीच्या वेळी तीच विचारतात.

भावाला आधी फोन करा. वाटा कमी घ्यायला तो तयार नसेल तर बाकीचं काही सुरूच होत नाही.