युक्रेनमध्ये खरोखर नाझी आहेत का, की तो निव्वळ रशियाचा प्रचार आहे?

तुम्ही प्रश्नात दोन गोष्टी लिहिल्या आहेत: कीव्हमधल्या मशाल मोर्चाचा व्हिडिओ आणि दंडावर ‘काळा सूर्य’ हे नाझींशी जोडलेलं चिन्ह लावलेल्या युक्रेनी सैनिकाचा फोटो. त्यावरून तुमच्या ग्रुपमध्ये भांडण जुंपलं, अर्धे म्हणाले पुतिन बरोबर, अर्धे म्हणाले सगळं बनावट. माझं उत्तर सरळ आहे. असे मोर्चे निघतात आणि अशी चिन्हं लावणारे सैनिक आहेत. त्यावरून युक्रेनचं सरकार नाझी ठरत नाही, आणि 24 फेब्रुवारी 2022 ला ‘नाझीमुक्ती’च्या नावाखाली रशियाने जे आक्रमण सुरू केलं त्याला तर हे कारण मुळीच नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यातली एकच सांगणाऱ्यापासून सावध राहायला हवं.

अझोव्ह या युक्रेनी तुकडीचं आधी बघू. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया गिळंकृत केला, पूर्वेच्या दोनबासमध्ये रशियाच्या पाठबळावर सशस्त्र बंड उभं राहिलं, आणि युक्रेनचं सैन्य आतून पोखरलेलं होतं. त्या धांदलीत स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. मे 2014 मध्ये बनलेली अझोव्ह ही त्यातलीच एक. तिचा संस्थापक आंद्री बिलेत्स्की त्याआधी एका उघड वंशवादी संघटनेचा म्होरक्या होता. तुकडीच्या बोधचिन्हात नाझींच्या ‘वुल्फ्सअँगल’शी मिळतीजुळती खूण होती आणि मागे काळा सूर्य. हे सूर्यचिन्ह मुळात हिटलरच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याच्या वेवेल्सबुर्ग किल्ल्यातल्या फरशीवरचं. ‘आमची खूण म्हणजे राष्ट्रसंकल्पनेची आद्याक्षरं’ असा खुलासा अझोव्हवाले करतात. खुणेपुरता तो एक वेळ मानला, तरी सूर्याचं काय? ते तिथे चुकून आलं नव्हतं.

त्याच वर्षी जूनमध्ये मारियुपोल परत मिळवताना ही तुकडी आघाडीवर होती आणि नोव्हेंबरमध्ये तिला राष्ट्रीय रक्षकदलात सामावून घेतलं गेलं. बिलेत्स्की बाहेर पडला आणि 2016 मध्ये त्याने स्वतःचा पक्ष काढला. अमेरिकेच्या काँग्रेसने 2018 मध्ये अझोव्हला मदत देण्यावर बंदी घातली, जून 2024 मध्ये अमेरिकी शस्त्रांवरची बंदी उठली. दरम्यान तुकडीत हजारो नवी माणसं आली, चिन्हातून सूर्य गेला. पण बिलेत्स्की आज युक्रेनच्या एका अख्ख्या लष्करी कोअरचा, म्हणजे अनेक ब्रिगेडच्या मोठ्या दलाचा, सेनापती आहे. हे मला खटकतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 2019 मध्ये ज्याला मतदारांनी दारात उभं केलं नाही, त्याला युद्धाने प्रतिष्ठा मिळवून दिली.

आता मतदारांचा आकडा. स्वोबोदा या अतिउजव्या पक्षाने 2012 मध्ये 10 टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळवली. तो त्यांचा कळस. 2014 मध्ये, म्हणजे ‘कीव्ह फॅसिस्टांच्या ताब्यात गेलं’ असं मॉस्कोची टीव्ही वाहिनी रोज सांगत होती त्याच वर्षी, त्यांना संसदेत शिरण्यासाठी लागणारी 5 टक्के मतंही पडली नाहीत. 2019 मध्ये सगळे अतिउजवे एकाच यादीवर लढले आणि 2.15 टक्क्यांवर थांबले. त्याच वर्षी सुमारे 73 टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस ज्यू, घरात रशियन बोलणारा, आणि त्याचे आजोबा लाल सेनेतून हिटलरशी लढलेले. युरोपातल्या कितीतरी संसदांमध्ये अतिउजव्यांचं बळ याच्या अनेक पट आहे.

मात्र रस्त्यावरचं बळ मतपेटीत मोजता येत नाही. एप्रिल 2018 मध्ये सी-14 या अतिउजव्या टोळीने कीव्हच्या लिसा होरा भागातल्या रोमा (युरोपातली एक अल्पसंख्य जमात) लोकांच्या झोपड्या उठवल्या, बायकापोरं जीव घेऊन पळाली. पोलिसांनी सुरुवातीला हात झटकले. युक्रेनच्या मित्रांनी हे विसरू नये.

तुमच्या व्हिडिओतला मोर्चा बहुधा 1 जानेवारीचा असावा. तो स्तेपान बांदेराचा जन्मदिवस. या माणसावर थोडं थांबावं लागेल, कारण बाकी सगळा वाद इथूनच फुटतो. पश्चिम युक्रेनमधल्या अनेकांसाठी तो स्वातंत्र्यवीर: 30 जून 1941 ला ल्विव्हमध्ये त्याच्या अनुयायांनी स्वतंत्र युक्रेनची घोषणा केली, जर्मनांना ती मान्य नव्हती, त्यांनी त्याला पकडून झाक्सनहाउझेनच्या छावणीत ठेवलं, आणि 1959 मध्ये म्युनिकमध्ये केजीबीच्या हस्तकाने सायनाइडचा फवारा मारून त्याला संपवलं. शत्रूच्या हातून मेलेला माणूस हुतात्मा होतोच. पण 1941 च्या त्याच दिवसांत ल्विव्हमध्ये ज्यूंवर हल्ले झाले, आणि 1943 मध्ये त्याच्याच विचाराच्या यूपीए या सेनेने आजच्या वायव्य युक्रेनमधल्या व्होलिनियातली पोलिश गावंच्या गावं कापून काढली. 11 जुलैला, रविवारी, लोक चर्चमध्ये असताना हल्ले झाले. या सगळ्या हत्याकांडातल्या मृतांचा अंदाज, शेजारचा पूर्व गॅलिशिया धरून, 50 हजारांपासून 1 लाखापर्यंत जातो. बांदेरा तेव्हा जर्मन कैदेत होता हे खरं, पण संघटना त्याच्याच नावाने चालत होती.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युश्चेंको यांनी जानेवारी 2010 मध्ये त्याला ‘युक्रेनचा वीर’ ठरवलं. पुढे न्यायालयाने ते रद्द केलं. 2016 मध्ये कीव्हच्या मॉस्को मार्गाला बांदेराचं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी पोलंडच्या संसदेने व्होलिनियाच्या हत्याकांडाला वंशसंहार म्हटलं. आणि हाच पोलंड 2022 मध्ये लाखो युक्रेनी निर्वासितांना घरात घेत होता, शस्त्रं पाठवत होता. ज्यांचे आजोबा-पणजोबा यूपीएने मारले, त्यांनाही आजचा युक्रेन नाझी वाटला नाही. या वादात मला याहून वजनदार साक्ष दिसत नाही.

आता उलट बाजू, जी तुमच्या ग्रुपवर कुणी टाकली नसेल. रशियाच्या बाजूने लढणाऱ्या ‘रुसिच’ तुकडीच्या म्होरक्याने स्वतःला उघडपणे नाझी म्हणवून घेतलं आहे. वॅग्नर या रशियाच्या खासगी लष्करी कंपनीचा तेव्हाचा लष्करी प्रमुख दिमित्री उत्किन याच्या अंगावर एसएसची चिन्हं गोंदलेला फोटो जगभर छापून आला. 30 सप्टेंबर 2022 ला युक्रेनचे चार प्रांत जोडून घेतल्याचं जाहीर करताना पुतिन यांनी भाषणाचा शेवट इव्हान इलिन या विचारवंताच्या शब्दांनी केला. या इलिनने 1933 मध्ये हिटलरचं स्वागत करणारा लेख लिहिला होता. मग नाझींचाच तिटकारा असता तर सफाई घरातून सुरू व्हायला नको का?

‘नाझीमुक्ती’ म्हणजे काय हे रशियाच्या सरकारी वृत्तसंस्थेनेच छापून ठेवलं आहे. 3 एप्रिल 2022 ला, कीव्हजवळच्या बुचातले रस्त्यावर पडलेले मृतदेह जग बघत होतं त्याच दिवसांत, आरआयए नोवोस्तीवर तिमोफेय सेर्गेइत्सेव्ह यांचा लेख आला. त्याचा मथितार्थ असा: फक्त नेतेच नाहीत, जनतेचा मोठा भागही दोषी आहे, युक्रेन हे नाव ठेवता येणार नाही, या कामाला किमान एक पिढी लागेल, आणि नाझीमुक्ती म्हणजे अपरिहार्यपणे युक्रेनीपणापासून मुक्ती. इथे अझोव्हचा प्रश्नच उरत नाही. स्वतःला युक्रेनी समजणारी शाळामास्तरीणही त्या व्याख्येत बसते.

दोनबासमधल्या ‘वंशसंहारा’चंही तेच. तिथे 2014 ते 2021 मध्ये दोन्ही बाजूंच्या लढाईत 3,400 च्या आसपास नागरिक मेले, हे दुःख खरं आहे. पण बहुतेक मृत्यू पहिल्या दोन वर्षांतले. 2021 या अख्ख्या वर्षात संयुक्त राष्ट्रांनी 25 नागरिकांचे मृत्यू नोंदवले. 16 मार्च 2022 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की वंशसंहाराच्या आरोपाला पुष्टी देणारा पुरावा समोर आलेला नाही, आणि रशियाला लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश दिला. निकाल 13 विरुद्ध 2. बहुमतात आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते.

प्रचार कसा घडतो ते आपल्या मुलांच्या उदाहरणावरून सांगतो. माझ्या ओळखीच्या घरातला एक मुलगा तेव्हा खारकीव्हला एमबीबीएस करत होता. 2 मार्च 2022 ला भारतीय दूतावासाने सांगितलं की खारकीव्ह ताबडतोब सोडा, गाडी नसेल तर पायी निघा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझल्युदिव्हका गाठा. तो मुलगा बॅग पाठीवर टाकून चालत होता आणि इकडे टीव्हीवर पट्टी फिरली: युक्रेनच्या सैन्याने भारतीय विद्यार्थ्यांना ओलीस धरलं, मानवी ढाल केलं. हा दावा रशियाच्या संरक्षण खात्याचा होता, दुसऱ्या दिवशी पुतिनही तेच बोलले. आईला दरदरून घाम फुटला. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने 3 मार्चला स्पष्ट केलं की एकाही विद्यार्थ्याला ओलीस धरल्याची बातमी आमच्याकडे नाही. मात्र रेल्वेत चढू न देणं, सीमेवर धक्काबुक्की, हे अनेक मुलांनी सोसलं होतं. त्या खऱ्या अपमानामुळेच ओलीसची बातमी इतक्यांना पटली. अझोव्ह आणि ‘नाझी सरकार’ यांचं नातं अगदी असंच आहे.

पूर्ण बनावट गोष्टीही आहेत. जुलै 2014 मध्ये रशियाच्या चॅनेल वनने स्लोव्यान्स्कच्या चौकात लहान मुलाला फळीवर खिळे ठोकून मारल्याची कहाणी एका बाईच्या तोंडून दाखवली. त्या कहाणीला आजवर एकही साक्षीदार मिळालेला नाही. युक्रेनही धुतल्या तांदळासारखा नाही: ‘कीव्हचं भूत’ हा वैमानिक दंतकथा असल्याचं त्यांच्याच हवाई दलाला मान्य करावं लागलं, आणि लैंगिक अत्याचारांचे पडताळणी न केलेले तपशील जाहीर केल्याची टीका झाल्यावर मानवी हक्क आयुक्तांना संसदेने मे 2022 मध्ये पदावरून हटवलं. दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अतिरंजित आरोपांबद्दल आपल्याच अधिकाऱ्याला जाब विचारणारी संसद युद्धाच्या चौथ्या महिन्यातही जागी होती.

शेवटी ओदेसा हे युक्रेनचं बंदर-शहर, कारण तुमच्या ग्रुपवर ते येणारच. 2 मे 2014 ला तिथे युक्रेनसमर्थक आणि रशियाधार्जिण्यांत रस्त्यावर मारामारी झाली, गोळीबारात माणसं पडली, मग युक्रेनसमर्थकांचा जमाव कुलिकोव्हो मैदानाकडे वळला. रशियाधार्जिणे निदर्शक कामगार भवनात शिरले, दोन्हीकडून पेट्रोल बॉम्ब फेकले गेले, इमारत पेटली. 42 जण आगीत गेले, त्या दिवसाचा एकूण आकडा 48. बाहेरच्यांपैकी काहींनी खाली उडी मारलेल्यांना बडवलं, काहींनी त्यांना वाचवायला धाव घेतली. रशिया याला नाझींनी केलेलं नियोजित जळीत म्हणतो. युक्रेनने वर्षानुवर्षं तपास रखडवला. 13 मार्च 2025 ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला: हिंसा रोखण्यात, लोकांना वाचवण्यात आणि तपास करण्यात युक्रेन कमी पडला, अग्निशमन बंब मुद्दाम 40 मिनिटं अडवून ठेवले गेले, आणि घटना भडकण्यात रशियाच्या अपप्रचाराचाही हात होता. निकालाचा सारांश न्यायालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आहे. आगीचा व्हिडिओ पुढच्या वेळी आला की तो सारांश ग्रुपवर टाका.