एचपीव्हीची लस परवडणाऱ्यांचीच का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी 19 वर्षांची आहे, तिला एचपीव्ही या व्हायरसच्या नऊ प्रकारांवरची, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळणारी लस द्यायचं ठरवलंय. क्लिनिकमध्ये एका डोसचे दहा हजारांच्या वर सांगितले, असे तीन डोस, ठीक आहे, करू आम्ही. पण आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी पण 16 ची आहे, मावशींकडे विषय काढला तर म्हणाल्या "तिला काय झालंय म्हणून सुई?" तिचे पैसे मी भरले तर चालेल का, आणि तिला स्वस्तातली दिली तर आपण भेदभाव केल्यासारखं होईल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, पैसे भरायला काहीच हरकत नाही. आणि स्वस्त म्हणजे हलकी असंही नाही. आपल्या पुण्याच्याच सीरम कंपनीची सर्व्हावॅक नावाची लस आहे, 2022 मध्ये मंजुरी मिळाली, बाजारात आली तेव्हा एका डोसची छापील किंमत 2000 रुपये होती. ती एचपीव्हीच्या 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर चालते, आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये खरे गुन्हेगार 16 आणि 18 हेच, जगभरातल्या साधारण 70 टक्के केसेस या दोघांमुळे होतात, आपल्याकडे तर त्याहून जास्तच. नऊवाली अजून पाच प्रकार धरते, ते चांगलंच आहे, पण चारवाली आणि नऊवाली यातला फरक हा लस घेतलेली आणि अजिबात न घेतलेली यातल्या फरकापुढे फार छोटा आहे. आता विचारलंच आहे तर हिशोब मांडते, राग मानू नका. नऊवालीचे तीन डोस 30 हजारांच्या वर, सर्व्हावॅकचे तीन त्या किमतीनं 6 हजार, म्हणजे तुमच्या मुलीलाही सर्व्हावॅक दिली तर उरलेल्या पैशात मावशींच्या मुलीसकट चार मुलींचं होतं! निर्णय तुमचा, आणि मग भेदभावाचा प्रश्नही राहत नाही.

अजून एक सांगते जे क्लिनिकमध्ये सहसा कुणी सांगत नाही. पाकिटावर पंधराच्या पुढे तीन डोस लिहिलेत, पण जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2022 पासून 20 वर्षांपर्यंतच्या मुलींना एक किंवा दोन डोस पुरेसे धरलेत (एचआयव्ही वगैरेमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र जास्त लागतात). आणि याचा मोठा पुरावा भारतातलाच आहे बरं का. 2009 मध्ये दोन डोस की तीन हे तपासायला एक अभ्यास सुरू झाला होता, त्यात आपलं बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटलही होतं. 2010 मध्ये सरकारनं तो मध्येच थांबवला, त्यामुळे हजारो मुलींचा एकच डोस झालेला राहिला, आणि पुढे दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं तर 16 आणि 18 च्या टिकून राहणाऱ्या इन्फेक्शनपासून एका डोसनंही 95 टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. म्हणजे तीन परवडत नाहीत म्हणून एकही नाही, असं करायची गरज नाहीये.

आणि मावशींना आधी नीट समजावून सांगा, परस्पर मुलीला घेऊन जाऊ नका. "तिला काय झालंय" हा प्रश्न बरोबरच आहे की, काही झालेलं नाही म्हणूनच द्यायची. मावशी तिशीच्या पुढच्या असणारच, त्यांची स्वतःची या कॅन्सरची तपासणी झालीये का तेही विचारा.

प्रश्न : मॅडम मी 23 वर्षांची, लातूरकडची, पुण्यात एमपीएससी करते. हॉस्टेलवर आम्ही चौघी आहोत, दोघींची लस कधीच झालीये, एकीची आई डॉक्टर आहे आणि दुसरी इंग्लिश मीडियमच्या शाळेत होती तिथे कॅम्प झाला होता. आम्हा उरलेल्या दोघींना हे नावच इथे आल्यावर कळलं. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणते लग्नाचं बघतोय आता, असलं काही घेऊ नको, लोक काय म्हणतील. आता उशीर झालाय का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं उशीर नाही झालेला. लस 26 पर्यंत देतात, 21 च्या पुढे जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस सांगते, तुझे डॉक्टर तीन म्हणतील, दोन्ही ठीक. आधी कसली टेस्ट लागत नाही. फक्त दिवस गेलेले असतील तर तेव्हा देत नाहीत.

तुमच्या रूमचं जे सांगितलंस ना, तेच सगळीकडे आहे. 2022 च्या जूनमध्ये केंद्राच्या लसीकरण सल्लागार गटानं ही लस सरकारी कार्यक्रमात घ्यायची शिफारस केली ती 9 ते 14 वयाच्या मुलींसाठी, आणि ते योग्यच आहे, कारण त्या वयात दिली की सगळ्यात जास्त उपयोग. पण त्यामुळे तुझ्या वयाच्या मुली मधल्यामध्ये राहिल्या, ज्यांच्या घरी कुणी डॉक्टर किंवा ज्यांची शाळा "चांगली" त्यांची झाली, बाकीच्यांनी स्वतः ऐकायचं, स्वतः शोधायचं आणि स्वतःच्या मेसच्या पैशातून द्यायचे. रोटरी, लायन्सवाले सवलतीत कॅम्प घेतात, चांगलं काम आहे, पण मला दिसतात ते बहुतेक शहरात आणि ज्यांना एरवीही परवडलं असतं अशा शाळांमध्येच.

आईला "कॅन्सरची लस" एवढंच सांग. हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो आणि लस त्याआधी घेतली तर जास्त उपयोगी, म्हणजे लग्न व्हायचंय हे तर लस घेण्याचं कारण झालं, न घेण्याचं कसं? क्लिनिकमध्ये कुणी "लग्न झालंय का" असं डोळे मोठे करून विचारलं तर वय सांगायचं, बास.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत शिक्षक आहे. लसीचा विषय निघाला की काही पालक म्हणतात की आंध्रात आदिवासी मुलींवर याचा प्रयोग झाला होता आणि मुली दगावल्या. काय सांगायचं त्यांना?

उत्तर : सर, पहिलं म्हणजे अफवा आहे असं म्हणू नका, कारण ती पूर्ण अफवा नाहीये. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात एका परदेशी संस्थेच्या प्रकल्पात शाळकरी मुलींना ही लस दिली, सात मुलींचे मृत्यू झाले आणि प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध सापडला नाही, त्यात सर्पदंश, बुडून मृत्यू अशी कारणं होती. पण संमतीचा घोळ खरा होता, कितीतरी फॉर्मवर आईबापांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननं, हेडमास्तरांनी सह्या केलेल्या. 2013 मध्ये संसदेच्या समितीनं यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा पालकांना दोन्ही सांगा. लस सुरक्षित आहे, आणि तुमच्या सहीशिवाय कुणाला टोचणार नाही. आणि ते खरंच पाळा, तुम्ही स्वतः सही करू नका.

गरीब बाईला आरोग्य खात्याचा धसका असतो तो उगाच नसतो हो. बीडमध्ये 2019 च्या सरकारी पाहणीत 13 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली, अंगावर पांढरं जातंय म्हणून गेलेल्या कितीतरी जणींना कॅन्सर होईल अशी भीती घालून ऑपरेशन केलेलं. जिला कॅन्सरच्या नावानं एकदा फसवलंय ती मुलीच्या लसीला पटकन हो कशी म्हणेल.

पण गरिबी आहे म्हणून होणारच नाही असंही नाही. रवांडासारख्या देशानं 2011 पासून शाळांमधून लस दिली आणि पहिल्याच वर्षी 90 टक्क्यांच्या वर मुलींना लस मिळाली. आपल्याकडे सिक्कीमनं 2018 मध्ये जवळपास तेवढंच करून दाखवलं, आधी शिक्षक आणि पालकांशी बोलून मग लस. तुमच्याकडची खरी अडचण वेगळी आहे, दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात, जुलैत पहिला डोस दिला तर दुसरा येतो जानेवारीत, आणि तेव्हा पोरगी गुजरातच्या कुठल्यातरी फडात! म्हणून एका डोसचं महत्त्व सगळ्यात जास्त कुणाला असेल तर या मुलींना. तुमच्याकडे सरकारी सत्र लागणार असेल तर ते पावसाळ्यात, शाळा भरलेली असतानाच लावा म्हणून पीएचसीच्या सिस्टर आणि आशाताईंच्या मागे लागा, आणि शाळा सोडलेल्या मुलींची यादी तुम्ही द्या, ती तुमच्याशिवाय कुणाकडे नसते.

प्रश्न : लस घेतली की तपासणीची गरज नाही ना? आणि मुलग्यांना द्यायची का?

उत्तर : तपासणी लागतेच, तिशीनंतर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयातल्या ज्यांची ही तपासणी एकदा तरी झालीये अशा बायका देशभरात 2 टक्केसुद्धा नव्हत्या. आणि धाराशिव जिल्ह्यातच, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, खेड्यापाड्यातल्या बायकांवर झालेल्या अभ्यासात आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही टेस्टनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते, 2009 मध्ये ते छापूनही आलं. मुलग्यांना चालते, पैसे असतील तर जरूर द्या, पण घरात एकाचेच पैसे असतील तर आधी मुलीला.