बाबांची ॲसिडिटी दोन महिने जात नाही, डॉक्टरांकडे कधी न्यावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६३ वर्षांचे आहेत, इंदूरला आईबरोबर राहतात आणि तुम्ही पुण्याला. दोन महिने पोटात वरच्या बाजूला जळजळ, आंबट ढेकर, चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं. मेडिकलमधून गोळी आणून रोज घेतात आणि ‘सराफ्यातलं (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातलं) खाणं नडलं’ म्हणतात. माझं उत्तर एवढंच: याच आठवड्यात दाखवा.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. इंदूरच्या रामबागेत आमचं औषधांचं दुकान आहे आणि हीच गोळी मागणारे लोक रोज समोर येतात, म्हणून कळकळीने लिहितेय.

सराफ्याला दोष देणं सोपं आहे. रात्री दहा-अकराला भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), वर रबडी, आणि घरी येऊन लगेच आडवं व्हायचं, तर आम्ल अन्ननलिकेत वर येणारच. पण अशी जळजळ खाण्याच्या मागोमाग येते आणि आडवं झालं की वाढते. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवले, पलंगाची उशाकडची बाजू थोडी उंच केली, तंबाखू बंद केली, की दोन-तीन आठवड्यांत बराच उतार पडतो. नाही पडला, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. शिवाय नुसत्या तिखटाने पोटात अल्सर होत नाही. त्याची मुख्य कारणं दोन. एक हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन पाहिला होता, आणि पुढे २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. दुसरं कारण दुखण्यावरच्या गोळ्या.

हे दुसरं कारण घरात कुणी सांगत नाही. बाबा गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतात का, हे मुद्दाम विचारा. ‘औषध चालू आहे का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतील, कारण अशा गोळ्या लोक औषधात धरत नाहीत. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते ‘चार घासांत पोट भरतं’. त्याच्या जोडीला न प्रयत्न करता वजन उतरलंय का? पँट सैल झालीय का, हे आईंना विचारा, त्यांच्या लक्षात आलेलं असतं. गिळताना घास अडकतो का? उलट्या होतात का? चेहरा पांढुरका दिसतो, जिना चढताना दम लागतो का? यातलं काहीही असेल तर तपासणी लांबवायची नाही. नसलं तरी साठीनंतर नव्याने सुरू झालेल्या अपचनाला डॉक्टर सहसा एंडोस्कोपी (नळीतून पोट आतून बघण्याची तपासणी) सुचवतात, आणि ते योग्यच आहे. रोजच्या गोळीने जळजळ दबते, आतली जखम किंवा गाठ असली तर ती तशीच राहते.

काही गोष्टींना मात्र आठवडाही थांबायचं नाही, त्याच क्षणी निघायचं. उलटीत रक्त किंवा काळपट कण, किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू आहेत का हे सांगा, पण स्वतःच निष्कर्ष काढून घरी बसू नका. पोट फळीसारखं कडक होऊन असह्य दुखणं, कळ पाठीत जाणं, तापाबरोबर पोटदुखी, डोळे पिवळे होणं, गॅसही न सुटता पोट फुगणं: यातही घरगुती उपाय, जुलाब किंवा एनिमा नको.

आणि छातीतलं दुखणं. छातीच्या मध्यावर किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा, त्यासोबत घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा हातात कळ, तर ते हृदयाचं असू शकतं. मधुमेह असलेल्यांत आणि वयस्करांत ते कधी कधी फक्त अपचनासारखंच वाटतं. ओवा-सोडा देऊन बघत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि ईसीजी काढून घ्यावा. अशा वेळी गोळी मागायला आलेल्या माणसाला मी गोळी देत नाही, आधी दवाखान्यात पाठवते. लोक रागावतात, चालेल.

जाताना सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या, चूर्णं आणि काढेसुद्धा. रोजची गोळी कधीपासून चालू आहे हे आवर्जून सांगा, कारण पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधं चालू असली तर त्या जंतूची तपासणी खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. सहसा दोन आठवडे आधी ती बंद ठेवायला सांगतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. खर्चाची चिंता असेल तर इंदूरच्या सरकारी एम.वाय. रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवता येतं, सकाळी लवकर जावं.

एंडोस्कोपीच्या नावाने बाबा बिचकतील. घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि बारीक नळीतून आत बघतात. बहुधा काही मिनिटांतच होतं, फक्त आधी सहा ते आठ तास पोट रिकामं लागतं. झोपेचं इंजेक्शन घेतलं तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि सोबत कुणीतरी हवं. पहिल्या भेटीला आईंबरोबर शेजारचं कुणी गेलं तरी चालेल, पण तपासणीची तारीख पडली की तुम्ही या.