ब्लूटूथ असताना अल्ट्रासाउंड कशाला?

प्रश्न : मी सांगलीत ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) तिसऱ्या वर्षाला आहे. अल्ट्रासाउंडने, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने, हवेतून अक्षरं पाठवण्याचा प्रोजेक्ट घेतलाय. हळू पाठवलं की नीट पोचतं, वेग वाढवला की काहीही येतं. बाबा म्हणतात, ब्लूटूथ असताना याला कोण विचारतंय? हे सोडून डेटा सायन्सचा क्लास लाव. काय करू?

उत्तर : प्रोजेक्ट सोडू नकोस. बाबांची काळजी मात्र रास्त आहे. गूगलने २०१७ मध्ये आपल्याकडे 'तेझ' हे पैसे पाठवण्याचं अ‍ॅप आणलं, तेव्हा त्याच्या कॅश मोडमध्ये शेजारचे दोन फोन अशाच आवाजाने एकमेकांना ओळखत. पण दुकानादुकानांत पोचला तो क्यूआर कोड. बेंगळुरूच्या टोनटॅगसारख्या ध्वनीवर काम करणाऱ्या कंपन्या आहेत, पण मोजक्याच. त्यांच्याच भरवशावर राहू नकोस.

तुझं खरं भांडवल त्या 'काहीही येतं'मध्ये आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. भिंतीवर आपटून १.७ मीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनी सुमारे ५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तू सेकंदाला १००० बिट (० किंवा १) पाठवत असशील तर एक बिट १ मिलिसेकंदाचा, म्हणजे तो प्रतिध्वनी पुढच्या पाचव्या बिटावर येऊन पडतो आणि तो बिट चुकीचा वाचला जातो. शिवाय ४० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्युसर (विजेचा सिग्नल आवाजात बदलणारा भाग) सिग्नल बंद केल्यावरही क्षणभर कंप पावत राहतो. ४जी मोबाइललाही इमारतींवरून परतणाऱ्या लहरींचा असाच त्रास होतो, फक्त तो मायक्रोसेकंदांत. तुला तो साध्या ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) डोळ्यांनी बघता येतोय, हे केवढं भाग्य आहे!

म्हणून नुसता 'चालणारा' डेमो करून थांबू नकोस. आलेला सिग्नल रेकॉर्ड कर, अंतर आणि वेग बदलत किती बिट चुकतात त्याचा आलेख काढ, मग हॅमिंग कोड (चुकलेला बिट शोधून दुरुस्त करण्याची पद्धत) लावून पुन्हा मोज. मुलाखतीत मला असा आलेख दाखवणारा विद्यार्थी भेटला, तर मी त्याला आणखी तासभर बसवून घेईन.

यातून वाट सिग्नल प्रोसेसिंगकडे जाते: मोबाइल मोडेम, श्रवणयंत्रं, गाड्यांचे पार्किंग सेन्सर. समुद्राच्या पाण्यात रेडिओ लहरी लवकर विरतात, म्हणून तिथे संदेश मुख्यतः ध्वनीने जातात. कोचीची नेव्हल फिजिकल अँड ओशनोग्राफिक लॅबोरेटरी आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांची माहिती काढ. एमटेक करायचं असेल तर गेट या प्रवेश परीक्षेचा ईसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन) पेपर आतापासून धर. सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि प्रॉबॅबिलिटी पक्कं कर.

क्लासचे पैसे तूर्त राहू देत. पायथन याच रेकॉर्डिंगवर शीक, आणि पहिला आलेख तयार झाला की बाबांना शेजारी बसवून समजावून सांग.