आधी गाणं, मग निष्पत्ती

ताई, वर्गात संगीत शिकवायचं म्हणून अध्ययन निष्पत्तींचा (मुलांना काय यायला हवं त्याचा) तक्ता समोर ठेवून गाणं शोधायला बसू नका. वर्गात जे आधीच गुणगुणलं जातं ते घ्या, मग तक्त्यात त्याची जागा पाहा. आपल्या खानदेशात भाद्रपदात गुलाबाई (मुलींचा गाण्यांचा सण) बसली की निम्म्या मुलींना गाणी तोंडपाठ असतात. त्यातलंच एक उचला. तिसरीला फक्त टाळीने लय धरू द्या, चौथी-पाचवीला केरवा ताल दाखवा: आठ मात्रा, पहिल्या मात्रेवर टाळी, पाचव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला. पोरं ‘हे पोरींचं’ म्हणत लाजतात, त्यांच्या हाती डफ द्या. तबला नसला तरी बाक आहेच!

अहिराणी शब्द ‘शुद्ध’ करत बसू नका. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही स्थानिक कला-भाषेवर भर आहे, कोणी विचारलं तर तेवढं सांगा.

नोंदवहीत ‘छान गातो’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. ‘गाण्याचा वेग वाढला तरी तालातली खाली चुकत नाही’ असं लिहा. आकारिक मूल्यमापनाला (शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला) हेच लागतं. आणि सूर तुमच्या गळ्याचा नको, मुलांच्या गळ्याचा धरा. परिपाठाची दहा मिनिटं मात्र सोडू नका, वेळापत्रकातला संगीताचा तास बहुतेकदा गणितात जातो.