एअर बॅगची हौस आणि कापलेली चेसिस

प्रश्न : आजोबांची १९६४ सालची विलीज पिकअप आमच्याकडे वाईला आहे. नोंदणी खासगी वापराची. गेल्या वर्षी सांगलीतल्या एका गॅरेजमध्ये मागचे पाटे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या लोखंडी पट्ट्या) काढून एअर बॅग सस्पेन्शन, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बॅगांवर गाडी पेलणारी यंत्रणा, बसवून घेतलं. कॉम्प्रेसर, टाकी, मजुरी धरून २ लाख १० हजार गेले. आता नोंदणीच्या नूतनीकरणासाठी साताऱ्याला आरटीओत गाडी नेली, तर निरीक्षकांनी खाली वाकून बघितलं आणि ‘चेसिस कापलीय, पास होणार नाही’ म्हणाले. चेसिस म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा कापल्याचं मला तिथंच कळलं. मुदत संपायला दीड महिना आहे. गॅरेजवाला फोन उचलत नाही. विंटेजमध्ये नोंदवून सुटका होईल का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : सगळ्यात आधी गाडी घरी उभी करा आणि तिला हात लावू देऊ नका. दुरुस्ती नंतर. तुमचा पुरावा त्या चेसिसवरच आहे.

एअर बॅग हा काही गुन्हा नाही. आपल्याकडच्या कितीतरी बस कंपनीतूनच एअर सस्पेन्शन घेऊन येतात. अडचण आहे ती मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ची. उत्पादकानं मुळात जे तपशील दिले, त्यांच्याशी आरसीवरचे तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकानं करायचा नाही, असं ते कलम सांगतं. बदल म्हणजे काय, हेही तिथंच दिलंय : वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यानं त्याचं मूळ स्वरूप बदलतं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडकपणेच वाचलंय.

आता तुमच्या गाडीत काय झालंय ते बघू. पाटे दोन कामं करतात : वजन पेलतात आणि ॲक्सल (चाकांना जोडणारा दांडा) जागेवर धरून ठेवतात. बॅग फक्त वजन पेलते. पाटे काढले की ॲक्सल धरायला वेगळे रॉड लागतात, त्यांचे ब्रॅकेट चेसिसला वेल्ड करावे लागतात. शिवाय गाडी पार खाली बसायला हवी असेल, तर ॲक्सल चेसिसला आपटू नये म्हणून तिथं चंद्रकोरीसारखी खाच कापतात. तुमच्या निरीक्षकांना दिसली ती हीच खाच असणार. पाटे तसेच ठेवून मधे मदतीला बॅग घातली असती, तर ‘रचना बदललेली नाही’ असं मांडायला मला जागा होती. कापलेल्या चेसिसवर तो युक्तिवाद टिकणार नाही, उगाच आशा लावत नाही.

दंडाचं म्हणाल तर, २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ(४)मध्ये परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात घ्या. खाच वेगळी, रॉड वेगळे असं मोजलं जाऊ शकतं. पण त्याच कलमाच्या पहिल्या पोटकलमात उत्पादक आणि डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा वाहनामागे १ लाख दंड आहे, आणि कलम २(८)मधल्या ‘डीलर’च्या व्याख्येत गाडी दुरुस्तीचा धंदा करणाराही येतो. गॅरेजवाल्याला हे बहुधा ठाऊक नसतं. पैशांसाठी त्याला जी नोटीस पाठवाल, तिच्यात एक परिच्छेद यावर जरूर घालावा.

आरटीओत तुम्हाला तोंडी सांगितलंय, आणि तोंडी नकारावर अपील करता येत नाही. नमुना २५मध्ये नूतनीकरणाचा रीतसर अर्ज करा. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत तो करता येतो आणि तुम्ही त्या काळातच आहात. गाडी नामंजूर झाली तर कारणांसह लेखी आदेश मागा. तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत कलम ५७खाली अपील करता येतं. खरं तर मला अपिलाची फार गरज वाटत नाही. चेसिस नीट दुरुस्त करून मूळचे पाटे परत बसवले आणि तसं कळवून पुन्हा तपासणी मागितली, तर बहुतेक प्रकरण तिथंच मिटेल. तोवर ती गाडी पसरणी घाटात फिरवायला नेऊ नका. उद्या काही झालंच, तर तृतीय पक्षाच्या, म्हणजे अपघातात सापडलेल्या दुसऱ्या कुणाच्या, भरपाईत विमा कंपनीला ‘गाडीत बदल होता’ एवढ्यावरून सहज हात झटकता येणार नाहीत, पण तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळायला तिला आयतं कारण मिळेल.

विंटेजची वाट मात्र सोडा. २०२१च्या नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी बसते, वयाच्या हिशेबानं तुमचीही बसते. पण ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिनात फेरबदल नको. २०,००० रुपये भरून विंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीसमोर हीच खाच दाखवायची का? शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

पैशांसाठी ग्राहक आयोग. गॅरेज सांगलीचं असलं तरी तिकडे हेलपाटे नकोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३४मुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याला तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुम्ही पाठवलेल्या बिलावर नुसतं ‘सस्पेन्शन काम व मजुरी’ आहे, चेसिसचा उल्लेखच नाही. ते तुमच्या पथ्यावर पडेल. त्याहून मोलाचा तुम्ही पाठवलेला गॅरेजवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज : ‘आरटीओचं टेन्शन घेऊ नका, आपल्या सगळ्या गाड्या पास होतात.’ तो फोन बदलू नका, चॅट उडवू नका. पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं.

समोरून काय येईल तेही सांगतो : ‘मालकानंच मागितलं, आम्ही करून दिलं.’ हे पूर्ण खोटं नाही, बॅग तुम्हीच मागितल्या होत्या. म्हणून सगळे २ लाख १० हजार परत मिळतील असं धरून चालू नका. तुमची बाजू चेसिसवर उभी आहे : न सांगता कापली, आणि पास होईल म्हणून खोटा भरवसा दिला. चेसिस पूर्ववत करण्याचा खर्च आणि मजुरीचा काही भाग मिळायला हरकत नाही. त्यासाठी एखादा ऑटोमोबाइल अभियंता किंवा विमा सर्व्हेअर बोलावून खाचेची मापं, वेल्डिंगची अवस्था, फोटो आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज असा लेखी अहवाल घ्या. मग स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या.

आणि काढलेले पाटे अजून गॅरेजमध्येच आहेत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते नोटिशीची वाट न बघता आजच मेसेज करून मागा. ते भंगारात गेले, तर साठ वर्षांच्या विलीजला पाटे शोधताना नाकी नऊ येतील.