वाचक विचारतात: नेल, तिचे आजोबा आणि चाळीस हप्ते

चार्ल्स डिकन्सच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीवर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: नेल ट्रेंट ही चौदाच्या उंबरठ्यावरची पोरकी मुलगी लंडनमधल्या जुन्यापान्या चीजवस्तूंच्या दुकानात आजोबांबरोबर राहते. आजोबांना जुगाराचं व्यसन. क्विल्प नावाचा सावकार कर्जापोटी दुकान ताब्यात घेतो आणि नात-आजोबा जूनमधल्या एका पहाटे कुणाला न सांगता लंडन सोडतात. पुढे शेवटाचीही चर्चा आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल, त्यांनी हे पान बाजूला ठेवावं.

प्रश्न: सुरुवातीला एक म्हातारे गृहस्थ ‘मी’ म्हणून गोष्ट सांगतात. तिसऱ्या प्रकरणानंतर ते दिसतच नाहीत. माझ्या प्रतीतली पानं गळाली आहेत का? (वाशी)

पानं गळालेली नाहीत. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी ते गृहस्थ स्वतःच रजा घेतात: पात्रांची ओळख करून दिली, आता यापुढे मी मधे येत नाही, असं सांगून.

याचं कारण साहित्यिक कमी आणि धंद्याचं जास्त आहे. 4 एप्रिल 1840 रोजी डिकन्सनं ‘मास्टर हम्फ्रीज क्लॉक’ हे साप्ताहिक सुरू केलं. किंमत तीन पेनी. कल्पना अशी की हम्फ्री नावाचे एक वृद्ध गृहस्थ (म्हणजे तुमचे ते ‘मी’) आणि त्यांचे मित्र रात्री जमून एकमेकांना सुट्या गोष्टी सांगतील. पहिला अंक सुमारे 70 हजार खपला. पण लोकांना डिकन्सची कादंबरी हवी होती आणि हातात आलं भलतंच, त्यामुळे खप धडाधड उतरला. नेलची गोष्ट 25 एप्रिलच्या चौथ्या अंकात एक छोटी कथा म्हणून आली होती. डिकन्सनं तीच ताणायची ठरवली. पुढचं प्रकरण 16 मेला आलं आणि मग 6 फेब्रुवारी 1841पर्यंत खंड पडला नाही. असे एकूण 40 हप्ते झाले आणि खप लाखापर्यंत गेला.

म्हणजे हम्फ्री हे मोडून टाकलेल्या जुन्या घराचा उरलेला जिना आहेत. कादंबरी संपल्यावर साप्ताहिकात डिकन्सनं आणखी एक खटपट केली: नेलचा शोध घेणारा जो बिननावाचा ‘सिंगल जंटलमन’ आहे, म्हणजे आजोबांचा धाकटा भाऊ, तो मीच होतो, असं हम्फ्रींच्या तोंडी घातलं. हे पहिल्या तीन प्रकरणांशी अजिबात जुळत नाही, कारण तिथे हम्फ्रींना हे आजोबा अगदी परके वाटतात. कादंबरी म्हणून छापलेल्या बहुतेक प्रतींत हा खुलासा नसतो. नाही तेच बरं.

प्रश्न: आमचा आठ-दहा जणांचा वाचक गट आहे. 73 प्रकरणं कशी वाटून घ्यावीत? दोनदा सुरू करून अर्ध्यावर सोडली आहे. (नेरूळ)

अर्ध्यावर सुटते ती बहुधा 33व्या प्रकरणानंतर किंवा 56व्यानंतर. दोन्ही ठिकाणी कथा नेलला सोडून लंडनला ब्रास वकिलाच्या बेव्हिस मार्क्समधल्या कचेरीत जाते. नेलची काळजी लागलेल्या वाचकाला वाटतं, हे मधेच काय. शिवाय 55व्या प्रकरणानंतर नेल जिवंत अशी पुन्हा दिसतच नाही, हे आधी ठाऊक नसेल तर पुढची पंधरा प्रकरणं नुसती वाट पाहण्यात जातात.

सारख्या आकाराचे तुकडे करू नका. गोष्ट जिथे वळते तिथे थांबा. सहा बैठका पुरतील. पहिलीला 1 ते 12: दुकान, कर्ज, पहाटेचं पलायन. दुसरीला 13 ते 25: क्विल्पच्या ताब्यातलं दुकान, बाहुल्यांचे खेळ करणारे कॉडलिन आणि शॉर्ट, खेड्यातली शाळा. तिसरीला 26 ते 42: मिसेस जार्ली यांचं मेणाच्या पुतळ्यांचं प्रदर्शन आणि पुन्हा उफाळलेला जुगार. हा तुकडा सर्वांत मोठा, त्याला महिना द्या. चौथीला 43 ते 55, पाचवीला 56 ते 68 आणि शेवटी 69 ते 73. शेवटचा तुकडा मुद्दाम लहान ठेवला आहे, कारण त्यावर बोलणं जास्त होईल आणि भांडणंही.

प्रतीबद्दल: डिकन्स 1870 साली वारला, त्यामुळे मूळ मजकूर केव्हाच मुक्त झाला आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. मात्र निव्वळ मजकुराची फाइल घेऊ नका, चित्रं असलेली प्रत घ्या. ही चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरून मजकुराच्या मधोमध छापलेली होती, अमुक वाक्याखाली अमुक चित्र असं ठरवून. जॉर्ज कॅटरमोलनं जुन्या इमारती आणि चर्च काढली, हॅब्लो ब्राउननं, म्हणजे ‘फिझ’नं, क्विल्प आणि इतर वल्ली. पहिल्या प्रकरणात भुतासारख्या वस्तूंच्या गर्दीत झोपलेली नेल आहे, ते चित्र सॅम्युएल विल्यम्सचं. कवी टॉमस हूडनं परीक्षणात त्या चित्राची वाखाणणी केली आणि पुस्तक निघताना डिकन्सनं पहिल्या प्रकरणात तोच भाव पकडणारा मजकूर वाढवला. चित्रानं लेखकाला पुढचं सुचवलं, असं क्वचित घडतं.

प्रश्न: आजोबा नातीवर प्रेम करतात की तिचा वापर करतात? आमच्या घरी यावर दोन तट पडले आहेत. (घोडबंदर रोड, ठाणे)

दोन्ही तट बरोबर आहेत, आणि म्हणूनच हे पात्र टिकलं. आजोबा स्वतःसाठी खेळत नाहीत. नातीला श्रीमंत करायचं, आपल्यामागे ती उघड्यावर पडू नये, एवढाच ध्यास. प्रत्येक डाव ‘तिच्यासाठी’ असल्यामुळे थांबायला कारणच सापडत नाही. व्यसनाचं हे गणित डिकन्सनं बिनचूक मांडलं आहे.

आकडे ताडून पाहा. नवव्या प्रकरणात क्विल्प म्हणतो, शेवटचे दिलेले 70 पौंड एका रात्रीत गेले. पुढे 46व्या प्रकरणात गरीब शाळामास्तर मार्टन यांना नवी नोकरी लागते आणि ते हरखून जातात: वर्षाला 35 पौंड. म्हणजे आजोबांनी एका रात्रीत एका मास्तराचा दोन वर्षांचा पगार उडवला. तेव्हा एका पौंडाचे 20 शिलिंग आणि एका शिलिंगाचे 12 पेनी होते, हे लक्षात ठेवलं की बाकीचे हिशेबही उलगडतात. मिसेस जार्लींच्या प्रदर्शनाचं तिकीट सहा पेनी होतं, म्हणजे ही कादंबरी ज्यात येत होती त्या साप्ताहिकाचे दोन अंक.

खरी कसोटी 29 आणि 30 या प्रकरणांची. नेलनं अडीअडचणीसाठी एक सोन्याचं नाणं कपड्यात शिवून ठेवलेलं असतं. वादळी रात्री खाणावळीत मुक्कामाचे पैसे द्यायला ती ते मोडते. रात्री अंधारात कुणीतरी रांगत तिच्या खोलीत शिरतं आणि उरलेले पैसे चोरतं. ती घाबरून आजोबांच्या खोलीकडे धावते आणि दारातून बघते, तर तेच पैसे मोजत बसलेले. त्या रात्री ती त्यांना काहीही बोलत नाही. आम्हाला विचाराल तर कादंबरीचा कळस हा आहे, मृत्यू नव्हे. इथून पुढे आजोबा मूल होतात आणि नात पालक. 42व्या प्रकरणात ते मिसेस जार्लींची पेटी फोडायला तयार होतात तेव्हा नेलच त्यांना ओढून पुन्हा रस्त्याला लागते.

प्रश्न: त्यांचा प्रवास नकाशावर दाखवता येईल का? मुलांना प्रकल्प करायचा आहे. (ऐरोली)

ढोबळ येईल, नेमका नाही. लंडन सोडल्यावर डिकन्स गावांची नावं देतच नाही. क्रम मात्र पक्का आहे: पायी खेडी, शर्यतींचं गाव, मग जार्लींची घोड्याची व्हॅन, मग कालव्यातली नाव आणि भट्ट्यांचं धुरकट शहर. ते बर्मिंगहॅम धरतात, आणि पुढचा काळवंडलेला मुलूख म्हणजे ‘ब्लॅक कंट्री’. शेवटचं गाव श्रॉपशरमधलं टाँग मानतात. मुलांनी ठिपक्यांची रेघ काढावी आणि ‘अंदाजे’ असं लिहावं.

एक गंमत प्रकल्पात घालता येईल. लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे 1838 सालीच पूर्ण झाली होती, म्हणजे पहिल्या वाचकांना तो पल्ला गाडीनं एका दिवसात गाठता येत होता. कथेत मात्र शोध घेणारेही घोडागाडीनंच धावतात आणि बर्फात अडकून उशिरा पोचतात. कथेत रेल्वे आली असती तर शेवटच बदलला असता! आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती 16 एप्रिल 1853ला, कादंबरी पूर्ण झाल्यावर बारा वर्षांनी.

प्रश्न: महाविद्यालयाच्या अभिवाचन स्पर्धेत नेलच्या मृत्यूचा प्रसंग मराठीत करून वाचायचा आहे. दहा मिनिटं आहेत. लोक हसतील का, अशी भीती वाटते. (कळवा)

भीती रास्त आहे. हा मृत्यू वाचून जो हसत नाही त्याचं काळीज दगडाचं असलं पाहिजे, अशा अर्थाचं वाक्य ऑस्कर वाइल्डच्या नावावर आहे. उलट समीक्षक लॉर्ड जेफ्री त्यावर ढसाढसा रडला होता. दोघांचीही प्रतिक्रिया एकाच गोष्टीवर आहे: निवेदक मधे येऊन पुन्हा पुन्हा विलाप करतो. समीक्षक आर. एच. होर्ननं 1844 साली 72व्या प्रकरणातल्या दफनाच्या गद्याच्या ओळी तोडून दाखवून दिलं की ते चक्क निर्यमक पद्य झालं आहे. ही लय मराठीत आणलीत तर ती कीर्तनी वाटेल. ती गाळा.

घ्यायचं ते 71वं प्रकरण. नेलचा प्राण जाताना डिकन्स समोर दाखवत नाही, 72व्या प्रकरणात ते मागाहून सांगितलं जातं. किट बर्फातून येतो तेव्हा ती जाऊन दोन दिवस झालेले असतात. तिचा हा जुना, इमानी नोकर दार ढकलतो तर म्हातारा विझत आलेल्या शेकोटीपुढे एकटाच डुलत बसलेला. ती आत झोपली आहे, असं तो सांगतो. तिचे झिजलेले बूट काढून दाखवतो: हे बघ, इथे पाय जमिनीला टेकत होते. दगडांनी सोलवटले होते म्हणे, मला तिनं कधी सांगितलं नाही. तुमचा प्रसंग या बुटांवर उभा करा.

मोजमाप असं: मिनिटाला 110 ते 120 शब्द धरले आणि थांबे सोडले तर मजकूर हजार शब्दांच्या वर जाता कामा नये. पहिली दोन मिनिटं किटचं येणं, पुढची सहा म्हातारा, शेवटची दोन खोलीत शिरणं. ‘ती गेली होती’ हे वाक्य एकदाच आणि सपाट आवाजात. मूळात ते अनेकदा येतं आणि तिथेच सभागृह हातचं जातं. म्हाताऱ्याचा आवाज कापरा काढू नका. तो समाधानानं बोलतोय, त्याच्या लेखी ती झोपली आहे. पार्श्वसंगीत नको.

प्रश्न: एवढी रडकी कादंबरी आज का वाचावी? (सीबीडी बेलापूर)

रडकी आहे असं ज्यांनी शेवटचाच भाग वाचलाय ते म्हणतात. क्विल्प उकडलेली अंडी कवचासकट खातो, कोळंबी डोक्या-शेपटीसकट, उकळता चहा पापणी न हलवता पितो. तो पानावर आला की झोप उडते. त्याचा शेवटही चोख आहे: पोलिसांना अडवायला स्वतःच्या धक्क्याचं फाटक तो स्वतः बंद करतो, धुक्यात पाय घसरून नदीत पडतो, आणि त्याला वाचवू शकतील अशी माणसं त्याच फाटकावर धडका देत असतात.

आणि डिक स्विव्हलर! हा पठ्ठ्या वहीत अशा रस्त्यांची नोंद ठेवतो जिथे दुकानं उघडी असताना जाता येत नाही, कारण सगळीकडे उधारी. गोखले रोडवर उधारी थकली म्हणून स्टेशनला राम मारुती रोडनं वळसा घालणारा माणूस ओळखीचा असेल, तर डिकही ओळखीचा वाटेल. ब्रासच्या तळघरात उपाशी ठेवलेली एक बिननावाची मोलकरीण त्याला सापडते. संत्र्याची सालं पाण्यात घालून ती दारू म्हणून पिते, खूप कल्पना केली तर छान लागते म्हणते. तो तिला पत्ते शिकवतो, जेवायला घालतो, ‘मार्शनेस’, म्हणजे सरदारीणबाई, म्हणतो. पुढे तो तापानं फणफणतो तेव्हा तीच पळून येऊन त्याची शुश्रूषा करते, औषधांसाठी त्याचे कपडे विकते, आणि दाराच्या फटींतून ऐकलेलं सांगून किटला चोरीच्या खोट्या आळातून सोडवते. किटच्या टोपीत पाच पौंडांची नोट ब्रासनंच घातलेली असते. ही मोलकरीण ब्रासच्या बहिणीची, सॅलीचीच मुलगी, असं स्पष्ट सांगणारा मजकूर डिकन्सनं हस्तलिखितानंतर काढून टाकला. सूचना तेवढी उरली आहे. कादंबरीत पोरक्या मुली दोन आहेत, आणि दुसरी जगते.

थोडक्यात

*लंडनच्या पोर्टस्मथ स्ट्रीटवर याच नावाचं जुनं दुकान आहे. ते तेच का? (नौपाडा)* नाही. शेवटच्या प्रकरणात डिकन्सनं लिहून ठेवलंय की ते घर पाडलं गेलं आणि तिथून रुंद रस्ता गेला. इमारत जुनी आणि देखणी आहे, फोटो जरूर काढा.

*टाँगच्या चर्चपाशी नेलची कबर आहे म्हणतात. (कोपरखैरणे)* पर्यटकांसाठी केलेली. पात्राला कबर कुठली?

*न्यूयॉर्कच्या धक्क्यावर लोक बोटीला ओरडून विचारत होते, ‘नेल जिवंत आहे का?’ (डोंबिवली)* दंतकथा म्हणून सांगा, इतिहास म्हणून नको.

*डिकन्सचा पुतळा नेलसह कुठे आहे? (पनवेल)* फिलाडेल्फियाच्या क्लार्क पार्कमध्ये, एल्वेल या शिल्पकाराचा, 1890चा. आपलं स्मारक करू नये, असं डिकन्सनं मृत्युपत्रात लिहिलं होतं.